अडलं कुठं, ते नेमकं सांगा
(डिजिटल साक्षरता पाठ : ब्राउझर, ॲप आणि आपला अभिप्राय)

मैत्रिणींनो, मोबाईलवर एखादं काम अडलं की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला काय यातलं कळत नाय बाई." मग पोराला नाहीतर सुनेला हाक मारायची, काम उरकून घ्यायचं आणि विषय तिथंच सोडायचा. पण दर वेळी चूक आपलीच असते का? चुलीचा धूर घरात कोंडला तर आपण "मला स्वयंपाक येत नाही" असं म्हणत नाही. चुलीचं तोंड कुठं आहे, धूर जायला वाट आहे का, ते बघतो. मोबाईलमधल्या वस्तूही माणसांनीच बनवलेल्या असतात. त्या बनवणाऱ्यांनी आपलं गाव, आपली रेंज, आपला फोन पाहिलेला नसतो. त्यांना ते कळायचं तर आपण सांगायला हवं. कसं सांगायचं, ते या पाठात शिकू.

ब्राउझर म्हणजे काय?

इंटरनेटवरच्या वेबसाइट उघडून दाखवणारं ॲप म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स ही त्याची नावं. सातबारा बघणं, मुलीचा दहावीचा निकाल बघणं, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करणं ही कामं बहुतेक जणी ब्राउझरमधूनच करतात.

काम अडतं तेव्हा अडचण तीनपैकी एका ठिकाणी असू शकते, हे आधी लक्षात ठेवा.

१. नेटवर्क : कुठलीच वेबसाइट उघडत नसेल तर अडचण रेंजची किंवा रिचार्जची.
२. वेबसाइट : बाकी सगळं उघडतं, एकच वेबसाइट उघडत नाही, आणि शेजारणीच्या फोनवरही उघडत नाही, तर अडचण बहुधा त्या वेबसाइटची.
३. ब्राउझर किंवा फोन : तीच वेबसाइट दुसऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये नीट चालते, तर अडचण आपल्या ब्राउझरची किंवा फोनची. फोनमधली जागा भरली असेल, नाहीतर ब्राउझर जुना झाला असेल.

एवढं तपासलं तरी "मला कळत नाही" याच्या जागी "कुठं अडलं ते मला माहीत आहे" असं म्हणता येतं.

वापरणाऱ्यांच्या म्हणण्यावरून ब्राउझर घडतो

आपण कांदा-लसूण मसाल्याची पहिली खेप करतो तेव्हा थोडा मसाला चार घरी चाखायला देतो. कुणी म्हणतं तिखट जास्त झालं, कुणी म्हणतं मीठ कमी आहे. ते ऐकून पुढची खेप सुधारतो आणि मगच पाकिटं भरतो. ब्राउझर बनवणारेही असंच करतात.

विवाल्डी नावाचा एक ब्राउझर आहे. तो जानेवारी २०१५ मध्ये अपुरा असतानाच लोकांना वापरायला दिला गेला. लोक वापरत गेले आणि काय आवडलं, काय नाही, काय हवं ते कळवत गेले. त्यातून सुधारणा होत एप्रिल २०१६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. फायरफॉक्सचंही तसंच. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. त्याआधी त्याचं नावसुद्धा दोनदा बदलावं लागलं, कारण आधीची नावं दुसऱ्यांची होती आणि त्यांनी हरकत घेतली. फायरफॉक्समधल्या चुका कुणीही कळवू शकतं आणि त्यांची उघड नोंद राहते. तो मराठीत वापरता येतो, यामागे पैसे न घेता शब्द न् शब्द मराठीत आणणाऱ्या स्वयंसेवकांचे कष्ट आहेत.

आपल्या देशातही नव्या ब्राउझरचं काम चालू आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. भारतीय भाषांमध्ये चालावा, अपंग व्यक्तींना वापरता यावा, लहान मुलांसाठी सुरक्षित असावा, अशा अपेक्षा त्यात होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो या भारतीय कंपनीला पहिलं, एक कोटी रुपयांचं बक्षीस मिळालं. त्यांच्या ब्राउझरचं नाव 'उला'. असा ब्राउझर 'मराठीत चालतो' असं म्हटलं जाईल. पण त्यातलं मराठी जत-आटपाडीच्या बाईला समजतं का, अक्षरं साध्या फोनवर नीट दिसतात का, हे कंपनीच्या कचेरीत बसून कळत नाही. ते वापरणारीच सांगू शकते.

आपल्या भागातली उदाहरणं

*वारणा खोरं.* १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी मोठी योजना आली. गावोगाव संगणक केंद्रं उघडली. शेतकऱ्याला तिथं हरतऱ्हेची माहिती मिळावी, असा बेत होता. काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेतले संशोधक आले. त्यांनी लोकांशी बोलून, बसून पाहिलं, की केंद्राचा खरा वापर कशासाठी होतो. दिसलं असं, की काम मुख्यतः उसाचंच चालतं. ऊस किती गेला, तोडीचा परवाना आला का, खताचा हिशेब काय, एवढंच लोक विचारत होते. एवढ्यासाठी महागडा संगणक कशाला? मग सात गावांत आठ महिने साध्या मोबाईलवर एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली. संगणकावरची सगळी कामं त्यात झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त सोयीची वाटली. आधी नुसती यंत्रं आली होती. लोकांना काय लागतं हे पाहिल्यावर यंत्र बदललं.

*म्हसवड.* माण तालुक्यात चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नकार दिला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायका हटल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी येतो, घालून बघा, असं त्यांनी सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं बँकेत डिजिटल व्यवहार आले तेव्हा पिन नंबर द्यायचा विचार होता. बायकांनीच तो नको म्हटलं. पिन कुणीही बघेल आणि पैसे काढेल, त्यापेक्षा अंगठ्याच्या ठशावर व्यवहार ठेवा, ठसा कुणाला चोरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात फोन आणि कागद कुणाच्या हाती असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. (अंगठ्याने व्यवहार करताना आपणही जपायचं. मशीनवर आकडा किती आहे तो आधी वाचायचा आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.)

*लाडकी बहीण ई-केवायसी.* हे तर आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वेबसाइटवर ई-केवायसी सुरू झाली. तिथं स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी लागत होता. ज्या ताईचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, तिनं काय करायचं? घटस्फोट झालेल्या बाईनं कुणाचा ओटीपी मागायचा? फॉर्म बनवताना हा विचार झाला नव्हता. राज्यभरातून तक्रारी गेल्या. मग १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि अशा बहिणींसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं स्वतंत्रपणे देण्याची सोय झाली.

यातून एक गोष्ट गटांनी मनात ठेवावी. दहा जणींच्या गटात अशी अडचण एकीचीच असेल. नऊ जणींचं काम झालं म्हणून तिची अडचण मागं टाकायची नाही. बऱ्याचदा ज्या बाईला कुणाचा आधार नाही, तिलाच फॉर्मही अडवतो. ती बैठकीत बोलेलच असं नाही. म्हणून तिला मुद्दाम विचारायचं.

अभिप्राय कसा द्यायचा?

"ॲप बेकार आहे," "साइट चालत नाही," एवढं लिहिलं तर बनवणाऱ्याला काहीच समजत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटल्यासारखं ते होतं. कुठं दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, ते सांगावं लागतं. म्हणून पाच गोष्टी लिहा.

१. काय करायला गेलो? (उदा. बचतीची नोंद भरत होतो.)
२. कुठल्या पायरीवर अडलं?
३. पडद्यावर काय दिसलं? शब्द जसेच्या तसे लिहा किंवा स्क्रीनशॉट घ्या.
४. काय व्हायला हवं होतं?
५. फोन कोणता, ब्राउझर कोणता, रेंज कशी होती आणि किती जणींना हीच अडचण आली?

फरक बघा.

कच्चा अभिप्राय : "फॉर्म भरला जात नाही. कृपया लक्ष द्या."

पक्का अभिप्राय : "फॉर्मच्या दुसऱ्या पानावर जन्मतारीख टाकताना कॅलेंडर उघडतं. त्यात एकेक महिना मागं जावं लागतं. १९६८ पर्यंत जाईतो वेळ संपतो आणि फॉर्म पहिल्यापासून भरावा लागतो. आमच्या गटातल्या पन्नाशीच्या पुढच्या चार जणींना असं झालं. तारीख बोटाने टाईप करू द्यावी. फोन साधा अँड्रॉइड, ब्राउझर क्रोम, रेंज चांगली होती."

दुसरा अभिप्राय वाचून बनवणाऱ्याला नेमकं काय बदलायचं ते लगेच कळतं. यासाठी इंग्रजी लागत नाही. मराठीत लिहा, साध्या शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोला आणि लिहिलेलं कुणाकडून तरी वाचून घ्या.

कुठं पाठवायचं?

ब्राउझरची अडचण असेल तर ब्राउझरच्या मेनूत जा. क्रोममध्ये कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की खाली 'मदत आणि फीडबॅक' असं दिसतं. ॲपची अडचण असेल तर ॲपमधल्या मदतीच्या जागी किंवा प्ले स्टोअरवर लिहिता येतं. सरकारी योजनेचं किंवा गटाच्या नोंदींचं ॲप असेल तर सीआरपी ताईंमार्फत ग्रामसंघात विषय मांडा, ठरावाच्या वहीत घ्या आणि प्रभागसंघामार्फत तालुका कक्षाकडे लेखी द्या. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. महिन्याने उत्तर आलं का ते विचारा.

प्रत्येक मागणी मान्य होईल असं नाही. आपल्याला अक्षरं मोठी हवी असतात, दुसरीला एका पडद्यावर जास्त माहिती हवी असते. बनवणाऱ्याला दोन्हीकडून ऐकावं लागतं. पण ज्या गावातून काहीच कळवलं जात नाही, त्या गावात सगळं ठीक चाललंय असंच वरती धरलं जातं.

सांभाळायच्या गोष्टी

• अभिप्रायात आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी, पिन कधीही लिहायचा नाही. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी त्यात हे आकडे दिसत नाहीत ना, ते बघा.
• प्ले स्टोअरवर लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतं, आपल्या नावासकट. गटातल्या दुसऱ्या बाईची घरची गोष्ट तिथं लिहायची नाही.
• "तुमची तक्रार मिळाली, आता हे ॲप घ्या, हा ओटीपी सांगा," असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. अभिप्राय घेणाऱ्याला ओटीपी लागत नाही.
• 'कस्टमर केअर नंबर' असं शोधून जो पहिला नंबर दिसेल त्यावर फोन करू नका. तिथं फसवे नंबरही असतात. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या.
• फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

१. गटाच्या वहीत मागचं एक पान 'मोबाईलच्या अडचणी' म्हणून राखा. वर दिलेले पाच रकाने आखा.
२. प्रत्येकीने गेल्या महिन्यात अडलेलं एक काम सांगावं. सचिव ताईंनी ते सांगणारीच्याच शब्दांत लिहावं.
३. प्रत्येक अडचणीपुढं 'नेटवर्क', 'वेबसाइट' की 'ब्राउझर/फोन' ते ठरवून लिहा. दुसऱ्या फोनवर करून बघा.
४. जी ताई एकटी राहते, जिच्याकडे स्वतःचा फोन नाही किंवा जी मुलाच्या फोनवर काम करते, तिला आवर्जून विचारा.
५. सगळ्यांत जास्त त्रास देणारी एक अडचण निवडा, पक्का अभिप्राय तयार करा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा.

ग्रामसंघांनी आलेल्या अभिप्रायांमधून सारख्या अडचणी एकत्र कराव्यात आणि किती गटांची तीच अडचण आहे तो आकडा लिहावा. एखाद्याच बाईची पण काम पूर्ण अडवणारी अडचण असेल, तर ती यादीत सगळ्यांत वर घ्यावी.