तुलना थोड्या, दक्षता अधिक

वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली व १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. मत्स्यखाद्यासारख्या विषयांवरील संशोधनाचे निष्कर्ष अखेर गावच्या तळ्यापर्यंत पोहोचतात. म्हणूनच ‘उपयुक्त’ ठरलेल्या गोष्टींपैकी खरोखर उपयुक्त किती, हा प्रश्न पंचायत सदस्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

योगायोगाचा धोका

समजा, सहा खाद्यपूरकांची साध्या खाद्याशी स्वतंत्रपणे तुलना केली. पूरक निरुपयोगी असताना निव्वळ योगायोगाने तेवढा फरक दिसण्याची संभाव्यता ५ टक्क्यांहून कमी असल्यास तो फरक ग्राह्य धरण्याची प्रथा आहे. परंतु सहाही पूरके निरुपयोगी असली, तरी एखादे तरी ‘उपयुक्त’ ठरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

दोन कसोट्या

सहा तुलनांतील संभाव्यता ०.४, १.२, २.०, ३.५, ३० व ६२ टक्के आल्या असे मानू. रूढ प्रथेने चार पूरके उत्तीर्ण होतात. बॉनफेरोनी पद्धतीत ५ टक्क्यांना सहाने भागून ०.८३ ही मर्यादा येते व एकच पूरक टिकते. बेंजामिनी व हॉखबर्ग यांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीत चढत्या क्रमाने मर्यादा ०.८३, १.६७, २.५०, ३.३३ अशा वाढतात. येथे पहिली तीन पूरके टिकतात. स्वीकारलेल्या निष्कर्षांतील खोट्यांचे प्रमाण सरासरीने ५ टक्क्यांच्या आत राखणे, हा तिचा हेतू होय.

अंदाजाचा मोह

निरुपयोगी पूरके किती, याचा अंदाज आकड्यांवरूनच बांधून कसोटी सैल करण्याची रीत स्टोरी यांनी २००२ साली मांडली. निरुपयोगी पूरकांच्या संभाव्यता ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंस सारख्या विखुरतात. म्हणून ५० वरील आकड्यांची दुप्पट करावयाची. येथे असा आकडा एक. म्हणजे निरुपयोगी पूरके दोन. परंतु ६२ च्या जागी ४८ आले असते, तर उत्तर शून्य! हजारो जनुकांच्या तुलनेत एका आकड्याने बिघडत नाही. सहांच्या तुलनेत सारेच बदलते. म्हणून तुलना थोड्या असता सर्वच पूरके निरुपयोगी मानून १९९५ ची कसोटी जशीच्या तशी लावणे श्रेयस्कर.

तथापि सरासरीची हमी एका प्रयोगाची नव्हे. तिनांपैकी एक निष्कर्ष चुकला, तरी चुकीचे प्रमाण ३३ टक्के होते. यास्तव अहवाल हाती येताच एकूण तुलना किती केल्या, हे प्रथम विचारावे, फसलेल्याही मोजाव्यात. टिकलेल्या पूरकांचा प्रयोग पुन्हा करून मगच शिफारस करावी. चुकीच्या शिफारशीचा खर्च अखेरीस मत्स्यशेतकऱ्यालाच सोसावा लागतो.