सायकल मार्गाचं काम अंदाजपत्रकात कसं बसवाल?

पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा डिसेंबर 2017 मध्ये मंजूर केला. त्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं आखलेलं आहे. पण आराखडा मंजूर होणं वेगळं आणि अंदाजपत्रकात तुमच्या रस्त्यापुढे रक्कम पडणं वेगळं. लांब पल्ल्याचे मार्ग पथ विभागाने करायचे; मार्ग जिथे मध्येच तुटतो, ती जागा मात्र तुम्ही मागणी करून दुरुस्त करून घेऊ शकता. त्यासाठी 2006 पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

आधी जागा नक्की करा. ‘अमुक रस्त्यावर सायकल मार्ग करा’ असं लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही, कारण त्याचा खर्च काढता येत नाही. एका कामाला साधारण 5 लाख रुपयांची मर्यादा असते. तेवढ्यात चौकातला उतार, बोलार्ड, वर आलेली चेंबरची झाकणं समपातळीत आणणं, रंगाचे पट्टे, शाळेबाहेरचा सायकल स्टँड अशी कामं बसतात.

मग टेप घेऊन दोघांनी सकाळी रहदारी वाढण्याआधी जागेवर जा. मार्ग संपतो तिथे पायरी किती उंच आहे ते मोजा. दोन-तीन इंचांची पायरीसुद्धा सायकलीला अडवते. शाळकरी पोरं तिथेच मार्ग सोडून भर रस्त्यात बसच्या बाजूला येतात. वाटेतली विजेची डीपी, झाड, टपरी, बसथांबा कागदावर मांडा. दोन सायकली शेजारून जातील इतकी, म्हणजे निदान दोन मीटर मोकळी रुंदी मिळते का, ते लिहा. हा हाताने काढलेला नकाशा आणि चार फोटो हेच तुमच्या अर्जाचं खरं बळ आहे.

अर्ज बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात. वर्तमानपत्रात सूचना येते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याच आठवड्यात कनिष्ठ अभियंत्याला भेटून जागा दाखवा. खर्चाचं पूर्वगणनपत्रक तेच करतात, आणि जागा पाहिलेल्या माणसाचा आकडा बरोबर येतो. नगरसेवकांनाही एक प्रत द्या, कारण कामांची यादी प्रभाग समितीपुढे जाते.

पुढे आयुक्तांचं अंदाजपत्रक, स्थायी समिती, मुख्य सभा. छापील अंदाजपत्रकात आपलं काम स्वतः शोधा.

इथे बरेचजण थांबतात आणि काम बुडतं. तरतूद म्हणजे खर्च नव्हे. वर्षअखेरीस न वापरलेला निधी वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. म्हणून एप्रिलपासूनच निविदा कधी निघणार, हे लेखी विचारत राहा. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. 30 दिवसांत माहिती द्यावीच लागते. त्या अर्जातच कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची, प्रत मागा.

काम चालू असताना तीच पायरी पुन्हा मोजा आणि चूक ठेकेदाराचं बिल निघण्याआधी अभियंत्याला दाखवा. दोषदायित्व कालावधीत काम उखडलं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. कार्यादेशाची प्रत हा कालावधी संपेपर्यंत जपून ठेवा.