कलाकाराला गिफ्ट काय द्यावं? गिफ्ट बॉक्स विकणाऱ्यांसाठी एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कलाकारांसाठीचा गिफ्ट बॉक्स उघडून पाहिला. आता त्याचा हिशोब नीट लिहून देतो, म्हणजे वही-पेन घेऊन बसता येईल. पण आधी माझा स्वतःचा एक तोटा ऐका.

धंद्याच्या पहिल्या दिवाळीला मी ४० 'आर्टिस्ट गिफ्ट बॉक्स' बनवले. पैसे बहिणीच्या भिशीतून उचललेले. एका बॉक्समध्ये ४८ रंगांचा सेट, पाच ब्रश, ड्रॉइंगची वही आणि वर सॅटिनची रिबन. एका बॉक्सचा खर्च ६२० रुपये, विक्री ९०० ला. दिसायला एकदम भारी! विकले किती? ११. म्हणजे २४,८०० रुपये घातले आणि ९,९०० परत आले. उरलेले २९ बॉक्स दिवाणाखाली.

दोन महिन्यांनी एका ताईंना फोन केला. त्यांनी वॉटरकलर करणाऱ्या दिरासाठी बॉक्स घेतला होता. त्या म्हणाल्या, "दादा, बॉक्स छानच होता हो, पण तो अजून माळ्यावरच आहे." मी दिराला फोन द्यायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला खरं काय हवं होतं?" तो म्हणाला, "कागद. तुमच्या वहीवर पाणी लागलं की कागद फुगतो. मला ३०० जीएसएमचा लागतो. तो महाग असतो, म्हणून मी जपून जपून वापरतो."

मित्रांनो, अख्खा धडा या एका उत्तरात आहे. कलाकाराला नवीन वस्तू नको असते. जी वस्तू त्याची रोज संपते आणि जी तो जपून वापरतो, ती त्याला हवी असते. चांगला कागद हातात भरपूर असला की माणूस चुकायला घाबरत नाही, आणि चुकल्याशिवाय हात बसत नाही.

आपल्या धंद्यातली खरी अडचण

गिफ्टच्या धंद्यात पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा. पैसे देणारा रिबन बघतो, वापरणारा कागद बघतो. रिबनवर पहिली ऑर्डर मिळते, पण दुसरी ऑर्डर वापरणाऱ्याच्या तोंडून येते. म्हणून ऑर्डर घेताना हे तीन प्रश्न विचारायचेच:

१. नेमकं काय करतात? "चित्रं काढतो" हे उत्तर चालणार नाही. वॉटरकलर, ॲक्रिलिक की पेन्सिल? प्रत्येकाचा कागद आणि ब्रश वेगळा.

२. शिकतायत की कमावतायत? एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाची गरज वेगळी आणि ऑर्डरची चित्रं करणाऱ्याची वेगळी.

३. सध्या काय संपत आलंय? हे घरच्यांना बहुतेक माहीत नसतं. मग सांगा, "ताई, त्यांच्या टेबलाचा एक फोटो गुपचूप काढून व्हॉट्सॲप करा." कुठला ब्रँड, कुठली साइज, कुठली ट्यूब पिळून पिळून सपाट झालीय, सगळं त्या एका फोटोत दिसतं.

कोणाला काय द्यावं?

*वॉटरकलर करणारे:* ३०० जीएसएमचा कागद, जमल्यास कॉटनचा. त्यासोबत कागद बोर्डला चिकटवायला मास्किंग टेप. रंग द्यायचेच असतील तर ४८ स्वस्त रंगांऐवजी सहाच चांगल्या ट्यूब द्या: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. बाकीचे बरेचसे रंग त्यातून मिसळून होतात. आर्टिस्ट ग्रेडमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे थोडा रंगही पुरतो.

*पेन्सिलवाले:* मोठ्या सेटमधल्या एच ग्रेडच्या पेन्सिली बऱ्याचदा तशाच पडून राहतात. त्यापेक्षा २बी, ४बी, ६बी जास्त संख्येने द्या. सोबत मळून आकार देता येणारा नीडेबल इरेझर. तो कागद खरवडत नाही आणि कचराही पाडत नाही.

*तबला वाजवणारे:* अंदाजाने तबला देऊ नका, तो ठरावीक सुराचा असतो. हातोडी, हाताला लावायची पावडर, चांगलं जाड कव्हर, हे चालतं.

*कथक शिकणारे:* किती घुंगरांची जोडी बांधायची ते गुरू ठरवतात. तिथे आपण लुडबुड करायची नाही. घुंगरू ठेवायला मजबूत कापडी पिशवी मात्र रोज वापरली जाते.

*फोटोग्राफर:* आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. वस्तू साधी आहे, पण हजारोंची लेन्स वाचवते.

नियम सोपा आहे. ज्या वस्तूला माप, सूर किंवा हाताची सवय लागते, ती न विचारता द्यायची नाही.

आता हिशोब

समजा, नवीन बॉक्सचा खर्च असा आहे: वस्तू ५१० रुपये, खोका आणि पॅकिंग ६०, कुरिअर ८०. एकूण ६५०. तुम्हाला विक्री किमतीवर ३५ टक्के मार्जिन हवं आहे.

बरेच जण ६५० मध्ये ३५ टक्के मिळवतात आणि ८७७ ला विकतात. चूक! इथे हातात २२७ रुपये राहतात, म्हणजे विक्रीवर जेमतेम २६ टक्के. बरोबर पद्धत अशी: ६५० ला ०.६५ ने भागा. उत्तर १,००० रुपये. आता ३५० रुपये सुटतात, म्हणजे पूर्ण ३५ टक्के.

आणि ४० बॉक्स आधी बांधून ठेवू नका. दोन-तीन नमुने करा, त्यांचे फोटो काढा, अर्धा ॲडव्हान्स घ्या आणि मग बॉक्स बांधा. स्टॉक ठेवायचाच असेल तर सुटा विकता येईल असाच ठेवा. कागदाचा पॅड एकटाही विकला जातो. रिबन बांधलेला बॉक्स दिवाळी सरली की कोणी विचारत नाही.

एक गोष्ट विसरू नका. बॉक्स आधी पॅक करून विकत असाल, तर वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात. पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, आतल्या वस्तू आणि त्यांची संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल लेबलवर हवं. पॅकर म्हणून नोंदणीही लागते. सुरू करण्याआधी जवळच्या वैध मापन कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

माझ्या २९ बॉक्सचं काय झालं?

सगळे उघडले. रंग, ब्रश, वह्या सुट्या करून शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्यांना पडत्या भावात दिल्या. ९,००० रुपये आले. शेवटी ५,९०० चा फटका बसला. बहिणीची भिशी मी पुढचे सहा महिने हप्त्याने फेडली. ती एक शब्दही बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

पुढच्या वर्षी त्याच ताईंनी दिरासाठी पुन्हा ऑर्डर दिली. या वेळी मी आधी टेबलाचा फोटो मागितला.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या तीन कलाकारांना एकच प्रश्न विचारा, "तुमची कुठली वस्तू तुम्ही जपून जपून वापरता?" मिळालेली तीन उत्तरं वहीत लिहा, त्यातला एक बॉक्स निवडा आणि वरच्या पद्धतीने त्याची किंमत काढा. माल मात्र त्यानंतरच घ्यायचा.

फी मी भरलेली आहे. तुम्ही पुन्हा भरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!