रेल्वेतली रेल्वे मांडताना

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या माणसाला एका टप्प्यावर हमखास वाटतं, की आपल्या लेआउटमध्ये आणखी एक इवलीशी रेल्वे फिरती हवी. संभाजीनगरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी मीटरगेजच्या काळातलं दौलताबाद मांडलं आहे. मागे किल्ल्याचा डोंगर, पुढे एकेरी मार्ग, फलाट, पाण्याची टाकी. आणि स्टेशनच्या बाजूला, प्रत्यक्षात तिथे कधी नव्हती अशी, एक बाग. त्या बागेत मुलांची झुकझुकगाडी फिरते. सगळ्या लेआउटमध्ये सर्वांत जास्त सामान जळलं, गंजलं आणि पुन्हा बसवावं लागलं ते या बागेतच. हे काम हाती घेऊ पाहणाऱ्यांना सुरुवातीलाच काही गोष्टी कळाव्यात, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवा: ही छोटी गाडी त्या जगात कोणाची आहे? बागेतली, जत्रेतली, दुकानाच्या काचेमागची, की एखाद्या घरात पोरानं फरशीवर मांडलेली? उत्तर ठरलं की माप ठरतं, आणि माप ठरलं की गाडी धावेल की नाही हेही कळतं. सामान आधी मागवून मग तिच्यासाठी जागा शोधणारे खूप पाहिले. त्यांची छोटी गाडी लेआउटमध्ये कायम उपरी दिसते.

हिशेब करून बघा. एचओ म्हणजे १:८७. आपल्या लेआउटमधल्या एखाद्या घरात राहणाऱ्या माणसालाही हाच नाद आहे आणि त्यानंही एचओचाच लेआउट मांडला आहे असं धरलं, तर त्याचं प्रमाण ८७ गुणिले ८७, म्हणजे १:७५६९ होतं. ब्रॉडगेजचा आयसीएफ डबा २१ मीटरच्या थोडा वर असतो. आपल्या टेबलावर तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, त्या माणसाच्या टेबलावर पावणेतीन मिलिमीटरचा. त्याचं ४ बाय ८ फुटांचं टेबल १४ बाय २८ मिलिमीटरमध्ये मावतं आणि त्याच्या दोन रुळांतलं अंतर ०.१९ मिलिमीटर भरतं. अशी गाडी चालवण्याचा विचारही करू नका. बारीक छापलेलं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा, खिडकीच्या आत ठेवा, वर एक एलईडी लावा. बघणारा वाकून बघतो आणि त्याला ते पुरतं.

इंग्लंडमध्ये बोर्टन-ऑन-द-वॉटर नावाचं गाव आहे. तिथे १९३७ साली त्या गावाचीच १:९ प्रमाणातली प्रतिकृती उभी राहिली. त्या प्रतिकृतीतल्या गावात प्रतिकृती आहे, आणि तिच्याही आत आणखी एक. हे तिथे जमतं, कारण दर पायरीला माप नवव्या हिश्शावर येतं. एचओमध्ये पहिल्याच पायरीला ते सत्त्याऐंशीव्या हिश्शावर जाऊन आपटतं. म्हणून आपल्या कामात एकच पायरी खाली उतरायची, तीही एचओच्या जगात जी गाडी मुळातच लहान असते तिच्यासाठी.

बागेतली गाडी तशी असते. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे, आणि ती पाहून परतलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात असल्या गाडीचं चित्र पक्कं असतं. माणसं बसवून नेणाऱ्या बागगाड्यांचं जगभर वापरात असलेलं एक माप सव्वादहा इंची आहे, म्हणजे २६० मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा. जवळजवळ ३ मिलिमीटर येतात. जपानमधून आलेलं टी गेज नेमकं तेवढंच आहे. त्याचं स्वतःचं प्रमाण १:४५०, पण आपण ते एचओमधली बागगाडी म्हणून वापरायचं. डब्यांचे वरचे भाग काढून टाकायचे, प्लास्टिकच्या पट्टीचे उघडे बाक बसवायचे, त्यावर एचओची बसलेली माणसं गुडघ्यापासून कापून चिकटवायची. माणूस डब्यापेक्षा मोठा दिसला की बघणाऱ्याला आपोआप कळतं, ही बागेतली गाडी.

आता टी गेजच्या खोडी. त्या मी अंगावर घेतल्या आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

इंजिन एवढं हलकं असतं की चाकांची रुळावर पकड बसत नाही. म्हणून त्याची चाकं चुंबकी असतात आणि रूळ पोलादी. माझा जन्म टूलरूममध्ये गेला. बागेची जागा टेबलाच्या ज्या टोकाला होती, त्याच्या शेजारच्याच बाकावर शेगडा आणि हातड्रिल होतं. नवी गाडी दोन दिवस छान चालली, मग अडखळायला लागली, मग एका जागी थरथरत उभी राहिली. उचलून भिंगाखाली धरली तर चारही चाकांना लोखंडाचा कीस चिकटून उभा होता, केसाळ सुरवंटासारखा. काही कण चाकाच्या कडेवरून आत गिअरपर्यंत शिरले होते. ब्रशनं ते निघत नाहीत, उलट चुंबक त्यांना आत ओढतो. चिकटपट्टीचा चिकट भाग टूथपिकला गुंडाळून एकेक कण टिपावा लागतो, आणि एक चाक साफ व्हायला चहा गार होईपर्यंत वेळ लागतो. वाळूज किंवा चिकलठाण्यात काम करणाऱ्या आपल्या गावातल्या लोकांनी हे खास ध्यानात ठेवावं. कीस फक्त बाकावरून येत नाही, कामावरच्या शर्टाच्या बाहीवरूनही येतो. टी गेज असलेल्या खोलीत कानस, ग्राइंडर, स्टील वूल यांतलं काहीही नको. रूळ साफ करायलाही स्टील वूल कधीच वापरू नका, साधं सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

रूळ पोलादी म्हणजे गंज आलाच. मराठवाड्याची हवा कोरडी असं आपण म्हणतो आणि ते आठ महिने खरं असतं. श्रावण-भाद्रपदात पत्र्याच्या खोलीत रात्रीतून रुळांवर तांबूस पापुद्रा येतो. एचओचे निकेल-सिल्व्हरचे रूळ काळवंडतात तरी विजेचा संपर्क धरून ठेवतात. गंजलेला पोलादी रूळ तो सोडतो. आणि मे महिन्यात उलटा त्रास. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आपल्याकडे तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एक मीटर पोलादी रूळ सुमारे ०.३६ मिलिमीटरनं वाढतो. मोठ्या रुळांना ते जाणवतही नाही. पण ज्या गेजमध्ये दोन रुळांत ३ मिलिमीटर आहेत, तिथे हा आठवा हिस्सा झाला. सांधा वर उचलला जातो आणि गाडी तिथेच उतरते. म्हणून छोटा मार्ग मेमध्ये बसवू नका, डिसेंबरातही नको. फेब्रुवारीची सकाळ चांगली. रूळ सलग फेव्हिकॉलनं चिकटवायचे नाहीत, ठिकठिकाणी टिपके द्यायचे आणि दोन सांध्यांत कागदाएवढी फट ठेवायची.

विजेचं तर याहून महत्त्वाचं. एचओचा कंट्रोलर १२ व्होल्टपर्यंत देतो. टी गेजला साडेचार व्होल्टच्या वर देऊ नये. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही लेआउटचा बागेचा तुकडा नेला होता. मांडणी करणाऱ्या मंडळींनी रात्रीतून टेबलं हलवली, वायरी सोडवल्या आणि सकाळी पुन्हा जोडल्या. दोन्ही मार्गांच्या वायरींना एकसारखेच प्लग होते. पहिल्या वर्गाची रांग येऊन उभी राहिली, बटण दाबलं, बागगाडी एक अर्धा फेरा भन्नाट धावली आणि जळाल्याचा वास आला. तेवढ्या लहान मोटरला दुरुस्ती नसते. तेव्हापासून छोट्या मार्गाला वेगळा पुरवठा, वेगळ्या आकाराचा प्लग आणि आत न काढता येणारा व्होल्टेज रेग्युलेटर, हा नियम मी मोडत नाही. प्लग असा घ्या की दुसरीकडे बसूच शकणार नाही. नुसतं लेबल लावून भागत नाही. घाईत कोणी लेबल वाचत नाही.

दुसरं, छोटी गाडी सतत फिरवू नका. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तेही एचओच. तिथे जाल तेव्हा गाड्या बघून झाल्यावर एका गोष्टीकडे लक्ष द्या: खेळ ठरावीक वेळेचा असतो, मग सगळं थांबतं. आपण घरी नेमकं हेच विसरतो. पाहुणे बसलेत तोवर गाडी फिरत राहते आणि मोटर तापते. मी बागेच्या कठड्याजवळ एक बटण बसवलं आहे. दाबलं की गाडी दोन फेरे मारून थांबते. पोरांना बटण दाबण्यात गाडीइतकीच मजा असते आणि मोटर थंड राहते.

वेगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. बागेतली गाडी ताशी आठ-एक किलोमीटरनं जाते. एचओमध्ये हे सेकंदाला अडीच सेंटिमीटर होतं. एवढ्या हळू टी गेजचं इंजिन गुळगुळीत चालत नाही, धक्के खातं. आणि वेग वाढवला तर उघड्या बाकांवर बसलेल्या पोरांची ती गाडी बघवत नाही. तेव्हा, बाग लहान असेल तर टी गेजचा हट्टच सोडा. गोल चकती कापा, तिच्या कडेवर गाडी चिकटवा, रूळ नुसते रंगवा आणि खाली हळू फिरणारी गिअर मोटर लावा. १२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीला मिनिटाला चार फेरे पुरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर मिळते, ती घ्या. जुन्या मायक्रोवेव्हमधली फिरती मोटर सुचवणारे भेटतील. ती अनेकदा थेट २३० व्होल्टवर चालते आणि पोरं हात घालतात अशा टेबलाखाली तिला जागा नाही. चकतीची गाडी म्हणजे फसवणूक, असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. बघणाऱ्याला बागेतली गाडी बघायची असते, मोटर कुठे आहे ते नाही.

ज्यांना खरीच धावणारी, फाटे घेणारी छोटी रेल्वे हवी आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. बाग सोडा आणि महाराष्ट्राच्या नकाशाकडे बघा. मोठ्या रेल्वेच्या कुशीतली छोटी रेल्वे आपल्याकडे खरोखरच होती, काही अजून आहेत. नेरळला मुंबईची गाडी सोडून माणूस फलाट ओलांडतो आणि १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीत बसतो. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, एचओमध्ये ७. झेड गेजचे रूळ साडेसहाचे असतात, डोळ्याला फरक कळत नाही. कुर्डुवाडीला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटी. ७६२ मिलिमीटर म्हणजे पावणेनऊ, आणि एन गेजचे रूळ ९ चे. म्हणजे एन गेजचं इंजिन खालून घ्यायचं आणि वरचा सांगाडा स्वतः करायचा. ही इंजिनं वजनदार असतात, हळू चालतात आणि चाकं चुंबकी नसतात. नुसता ब्रॉडगेजचा फलाट एका बाजूला आणि नॅरोगेजचा दुसऱ्या बाजूला, मधे हमालांची ये-जा, एवढं मांडलं तरी आपल्या माणसाला ते स्टेशन ओळखीचं वाटतं. गोष्टीत त्याला जागा आहे, म्हणून ते उपरं दिसत नाही.

एक गल्लत मात्र टाळा. डोंगराच्या वरच्या अंगाला, लांबून जाणारी गाडी भासावी म्हणून काही जण लहान प्रमाणाची गाडी ठेवतात. ती युक्ती चांगली आहे, पण ती आणि बागगाडी एकाच नजरेत येता कामा नये. दोन्ही एकाच वेळी दिसल्या की लांब-जवळचा अंदाज मोडतो आणि दोन्ही खेळणी वाटायला लागतात. माझ्याकडे मध्ये किल्ल्याची तटबंदी आडवी येते.

बसवताना बागेचा तुकडा वेगळ्या ट्रेमध्ये करा. चार स्क्रू काढले की वायरींसकट वर निघाला पाहिजे, कारण तो वरचेवर काढावा लागतो. वर अॅक्रिलिकचा झाकणडबा ठेवा, आपल्याकडची धूळ बघता त्याला पर्याय नाही. ट्रे टेबलाच्या पुढच्या कडेपासून हाताच्या अंतरावर असू द्या. मागे ठेवलात तर दुरुस्तीला वाकताना पुढची सिग्नलं मोडतात. आणि उंची ठरवताना आठ-नऊ वर्षांच्या मुलाला टेबलाजवळ उभं करून बघा. माझ्या बागेसमोर एका मुलीनं विचारलं होतं, "आजोबा, त्या गाडीत बसलेल्या दादाच्या हातात अजून छोटी गाडी आहे का?" मी भिंग दिलं. हातात फुगा होता. तिनं तो बराच वेळ बघितला आणि मग बटण दाबलं.