हॅटरसच्या दीपगृहाचे भिंग

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात हॅटरस हे बेटावरील लहानसे गाव आहे. तेथील संग्रहालयात केप हॅटरस दीपगृहाचे जुने भिंग जतन केलेले आहे. माणसाहून उंच अशा धातूच्या चौकटीत काचेचे लोलक वर्तुळाकार बसविलेले दिसतात. मात्र बऱ्याच जागी चौकट रिकामीच आहे.

या किनाऱ्यासमोर डायमंड शोल्स नावाचे वाळूचे सरकते, उथळ पट्टे आहेत. तेथे शेकडो जहाजे बुडाल्याने या सागरी भागाला ‘अटलांटिकची दफनभूमी’ म्हटले जाते. १८०३ मधील पहिल्या दीपगृहाचा प्रकाश अपुरा पडतो, अशी खलाशांची तक्रार असे. अखेर १८५४ मध्ये तेथे फ्रेनेल भिंग बसविण्यात आले.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांची युक्ती साधी, पण मूलगामी होती. एवढ्या आकाराचे अखंड बहिर्वक्र भिंग अतिशय जड होईल आणि जाड काच बराच प्रकाश शोषून घेईल. परंतु प्रकाशाचे अपवर्तन काचेच्या पृष्ठभागापाशी होते. मधल्या जाडीचा त्यात वाटा नसतो. फ्रेनेल यांनी ही जाडी वगळून भिंगाची वलये केली. मधली वलये अपवर्तनाने, तर वरचे व खालचे लोलक पूर्ण आंतरिक परावर्तनाने किरण क्षितिजाकडे वळवितात. दिवा तेलाचाच राहिला. आकाशात आणि जमिनीकडे वाया जाणारा प्रकाश तेवढा समुद्राच्या कामी आला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी भिंग उतरवून दूर नेले, कारण त्या प्रकाशाचा लाभ शत्रूच्या जहाजांनाही झाला असता. ते कायमचे हरवले, असा समज पुढे दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात १८७० च्या नव्या मनोऱ्यात तेच भिंग पुन्हा बसविले गेले, असे एकविसाव्या शतकातील संशोधनातून पुढे आले. समुद्राने किनारा खचवत आणल्यामुळे १९३६ मध्ये हा मनोरा सोडून देण्यात आला आणि त्यानंतरच्या बेवारस वर्षांत अनेकांनी लोलक काढून नेले. युद्धातून वाचलेले भिंग शांततेच्या काळात लुटले गेले. उरलेला भाग १९४९ मध्ये खाली उतरविण्यात आला. मनोरा मात्र १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर आत हलवून वाचविण्यात आला.

भारतातही विद्युत दिवे व उपग्रह दिशादर्शन यांमुळे जुनी प्रकाशसाधने मागे पडली आहेत. या दृष्टीने, १९२७ च्या दीपगृह अधिनियमाची जागा घेणारा २०२१ चा नौकानयनासाठी सागरी साहाय्य अधिनियम विद्यार्थ्यांनी अभ्यासावा. आपल्या नियंत्रणाखालील नौकानयन साहाय्य ‘वारसा दीपगृह’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. नौकानयनाचे मूळ कार्य सांभाळून अशी दीपगृहे शैक्षणिक, सांस्कृतिक व पर्यटनविषयक कारणांसाठी विकसित करता येतात.