माना ते मेलबर्न, मधले रिकामे तास

रायपूरहून परदेशी नेणारे नियमित थेट विमान नाही. मानाच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची, मग पुढचे विमान. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक परदेशवारीला मध्ये एक सांधा असतो, आणि उशीर झाला की दुखते तिथेच. धाकटे दीर मेलबर्नला असल्याने सासूबाई, आम्ही दोघे आणि लेक असे आमचे जाणे होत असते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कुणी पहिल्यांदा मुलाकडे निघाले की हमखास विचारतात, “म्हातारं माणूस आणि लहान पोर घेऊन एवढे तास विमानतळावर काढायचे कसे हो?” त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उशिराचे तास सुखाचे जाणार की जिवाला घोर लावणार, हे बरेचसे तिकीट काढताना आणि पिशवी भरतानाच ठरते.

१. रायपूरपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत एकच तिकीट, एकच पीएनआर. मुंबईला उशिरा पोचल्याने पुढचे विमान हुकले, तर एका पीएनआरवर पुढची सोय विमान कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटे असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. चार माणसांची तिकिटे नव्याने काढावी लागू शकतात. वेगळ्या तिकिटांत थोडे पैसे वाचतात, पण मुंबईच्या विमानाला अर्धा तास उशीर झाला तरी कुणाचे लक्ष गप्पांत लागत नाही. सांध्याला मी पाच-सहा तास ठेवते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणे शक्यतो टाळते, कारण तिथले धुके पहाटेची सगळी वेळापत्रके विस्कटून टाकते.

२. हक्क माहीत असावेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे रायपूर-मुंबईलासुद्धा, दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांवर उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. हवामानामुळे झालेल्या उशिराची भरपाई मात्र मिळत नाही. काउंटरवर शांतपणे, नियमाचा उल्लेख करून विचारावे.

३. खाण्याची पिशवी वेगळी आणि हाताशी. आमच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि ठेठरी-खुरमी असते. ठेठरी बेसनाची, खुरमी गुळाची. छत्तीसगडच्या तीज-पोळ्याच्या या खाऊला प्रवासात तोड नाही. दिवसेंदिवस टिकतो, सांडत नाही, आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबापुढे डबा धरला की बोलणे आपोआप सुरू होते. लोणचे किंवा पातळ तूप हातातल्या सामानात नको. शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकते. औषधे मात्र हातातच हवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सासूबाईंचे इन्शुलिन मी कधीही मोठ्या बॅगेत टाकत नाही. आणखी एक: ऑस्ट्रेलियात उतरताना उरलेले खाणे कार्डावर जाहीर करावेच लागते. लपवले तर मोठा दंड होतो. ‘हो’ वर खूण करून डबा उघडून दाखवावा.

४. मुंबईच्या टर्मिनल दोनवर खुर्ची धरून बसू नका. २०१४ साली सुरू झालेल्या या इमारतीत ‘जय हे’ नावाचे भिंतीवरचे संग्रहालय आहे. राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली ते उभे राहिले. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर देशभरातल्या हजारो वस्तू मांडल्या आहेत. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवलेली असते. उशीर जाहीर झाला की आम्ही त्यांना त्या भिंतीच्या कडेने हळूहळू नेतो. कोरीव लाकूडकाम दिसले की त्या थांबतात आणि तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या माहेरच्या वाड्याचे खांब, त्यातली अंधारी माडी, माडीवर लपवलेल्या चिंचा, सगळे नातीला सांगत सुटतात. घरी हे बोलणे होत नाही. घरी लेकीचा क्लास असतो, माझा ऑफिसचा फोन असतो, त्यांची मालिका असते. उशीर झाला की तिघींनाही दुसरे काही काम उरत नाही. नवऱ्याने यातल्या काही गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत, आणि त्या मला कुठल्याही पर्यटनस्थळाच्या फोटोंपेक्षा मोलाच्या वाटतात.

५. मधल्या देशाचा व्हिसा आधी तपासा. सिंगापूरच्या चांगी विमानतळालगतच्या ‘ज्युएल’मधला चाळीस मीटरचा धबधबा सगळ्यांना पाहायचा असतो, पण तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय सहसा तिथे जाता येत नाही. मुलांना आधीच तसे सांगावे. आतल्या बाजूला, टर्मिनल तीनमध्ये, फुलपाखरांची बाग आहे. ती दिवसा बघावी.

६. मुलांना उशिराचे खरे कारण सांगावे. मानाला विमानाची वाट बघताना लेकीने एकदा धावपट्टीच्या कडेला पडून असलेल्या विमानाबद्दल विचारले होते. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेल्या त्या बांगलादेशी विमानाचे इंजिन वाटेत बिघडले. वैमानिकाने ते रायपूरला सुखरूप उतरवले. दुसरे विमान येऊन प्रवाशांना घेऊन गेले, बिघडलेले मात्र पुढे कित्येक वर्षे इथेच उभे राहिले. हे ऐकल्यापासून ‘तांत्रिक कारण’ हे शब्द कानावर आले की ती कुरकुरत नाही. जमिनीवर सापडलेला बिघाड म्हणजे नशीब, हे तिला कळले आहे. मोठ्यांनीही हे पोरांसमोर बोलून दाखवावे. आपण चिडलो की ती दुप्पट चिडतात.

७. पाळी लावावी. एकाने फलकावर आणि मोबाइलवर नजर ठेवायची, बाकीच्यांनी निवांत राहायचे, तासाने बदल. गेट ऐन वेळी बदलते, म्हणून पाळीवाल्याने झोपायचे नाही. पहिला संदेश विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला जायला हवा. मेलबर्नमध्ये पहाटे गाडी काढणाऱ्या दिरांना तो रायपूरच्या नातलगांच्या आधी मिळतो.

८. परतीचा हिशेब वेगळा असतो. मुंबईत उतरल्यावर सामान ताब्यात घ्यायचे, कस्टम्समधून बाहेर पडायचे आणि रायपूरच्या विमानासाठी ते पुन्हा जमा करायचे. रात्रभर जागलेल्या माणसांना याला वेळ लागतो, तेव्हा परतीच्या सांध्याला जातानापेक्षा एखादा तास जास्तच ठेवावा.