डिजिटल एस्‌एल्‌आर कॅमेरा : त्याचे प्रकार व उपयोग

"सर्वांत चांगला कॅमेरा कोणता ?" असा प्रश्न छायाचित्रणाची आवड असलेले विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. कोणत्या कामासाठीं, हें कळल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. म्हणून या यंत्राची रचना प्रथम पाहूं व मग त्याचे वर्ग करूं.

भिंगांतून आंत आलेला प्रकाश ४५ अंशांनीं कललेल्या आरशावरून वर वळतो. तेथील दुधी कांचेवर प्रतिमा उमटते, व ती लोलकावाटे डोळ्यास सुलट दिसते. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें, आणि पूर्वीं जेथें फिल्म असे तेथें बसविलेल्या सेन्सरवर प्रकाश पडतो. सेन्सर त्या प्रकाशाचें विजेंत रूपांतर करितो, व तिचे अंक होऊन चित्र सांठविलें जातें. कोडॅक कंपनीनें १९९१ सालीं निकॉनच्या एफ३ या फिल्म-कॅमेऱ्यास असा सेन्सर जोडून तो विक्रीस आणिला.

सेन्सरच्या आकारावरून या कॅमेऱ्यांचे मुख्य वर्ग तीन.

पहिला, एपीएस्‌-सी. याचा सेन्सर सुमारें २४ × १६ मिलिमीटर असतो. तो दृश्याचा मधला भागच घेतो. म्हणून ३०० मिलिमीटरचें भिंग येथें ४५० मिलिमीटरच्या भिंगाप्रमाणें दृश्य जवळ आणितें. पक्षी व मैदानी खेळ टिपण्यास हा सोयीचा, आणि किंमतीनेंही हलका.

दुसरा, फुल फ्रेम. सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मवरील एका चित्राएवढा. क्षेत्र मोठें असल्यामुळें तो एकंदर अधिक प्रकाश घेतो. म्हणून विवाहमंडपांत, नाट्यगृहांत किंवा दिव्याच्या उजेडांत चित्र कमी रवाळ येतें.

तिसरा, मीडियम फॉरमॅट. पेंटॅक्सच्या ६४५डी (२०१०) या कॅमेऱ्याचा सेन्सर ४४ × ३३ मिलिमीटरचा होता. स्टुडिओंतील कामास व मोठ्या छापील चित्रांस हा वर्ग योग्य. परंतु तो जड, महाग व गतीनें मंद.

बांधणीवरूनही भेद करितात. शिकाऊंचा निकॉन डी३५०० अवघा ३६५ ग्रॅम वजनाचा. तर वृत्तछायाचित्रकारांसाठीं २०१२ सालीं निघालेला कॅनन १डी एक्स सेकंदास १२ चित्रें घेई व धूळ-पाणी सोशी.

अलीकडे आरशाविणें चालणारे मिररलेस कॅमेरे पुढें आले आहेत. तथापि पाहण्याचा अभ्यास करण्यास जुना, वापरलेला एपीएस्‌-सी कॅमेराही पुरेसा आहे. वडिलांस कर्ज काढावयास लावून महाग यंत्र घेणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

कारण रचनेंतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. चित्र निघतांना आरसा वर गेलेला असतो. त्यामुळें नेमका तोच क्षण छायाचित्रकारास दिसत नाहीं. त्यापूर्वीं त्यानें काय पाहिलें, यावरच चित्राचें मोल ठरतें. आणि तें पाहण्याचें काम कोणत्याही वर्गाचा कॅमेरा आपल्यासाठीं करीत नाहीं.